कॅमेरा शिकण्याच्या पायऱ्या: मराठवाड्यातील नवोदित छायाचित्रकारांसाठी

लातूर, बीड, परभणी, हिंगोली अशा जिल्ह्यांत छायाचित्रण शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना आज कॅमेरा मिळतो आणि शिकवणारे व्हिडिओही ढिगाने मिळतात. पण आधी काय शिकायचे आणि नंतर काय, हे सांगणारे माणूस जवळपास सापडत नाही. या वाटेवरून मी गेलो आहे आणि अजूनही चालतो आहे. माझे निरीक्षण असे की प्रत्येक पायरीवर कौशल्यासोबत एक ठरावीक अहंकारही येतो: आधी यंत्राचा, मग तंत्राचा, मग लोकांच्या वाहवाचा आणि शेवटी जाणतेपणाचा. तो अंगात भिनला की शिकणे त्याच पायरीवर थांबते. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यासोबत तिथला सापळा आणि त्यातून सुटण्यासाठी लावून घ्यायची सवय सांगितली आहे. विनय नुसता बोलण्यात असून भागत नाही. तो वहीत, फोटोंच्या निवडीत आणि समोरच्या माणसाशी वागण्यात उतरावा लागतो.

१. तयारी: साहित्य आणि कागदपत्रे

सुरुवातीला लागणारे साहित्य फार थोडे आहे:

- कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची नेहमीची लेन्स. पुढे जमेल तेव्हा ५० मिलिमीटर एफ/१.८ (एफचा आकडा म्हणजे लेन्समधल्या छिद्राचे, ॲपर्चरचे, माप)
- दोन मेमरी कार्ड आणि एक जादा बॅटरी
- हवेचा रबरी पंप, लेन्स पुसायचे मऊ कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा
- एक खिशात मावणारी वही आणि पेन

कागदपत्रांपैकी खरेदीचे पक्के बिल सर्वांत महत्त्वाचे. त्यावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या, कारण वॉरंटी, विमा आणि चोरीची तक्रार या तिन्ही वेळी तोच विचारला जातो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असू द्या आणि ओळखपत्राची प्रत बॅगेत कायम ठेवा.

जुना कॅमेरा घेणार असाल, तर एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून तो मोठा करून पाहा. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून आत बुरशीचे जाळे आहे का, ते तपासा. शटर, म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडणारी झडप, आतापर्यंत किती वेळा उघडले आहे, तो आकडाही विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतील कॅमेऱ्याचे शटर साधारण १ लाख फोटोंसाठी बनवलेले असते.

आपल्याकडची हवा या यंत्राला मानवणारी नाही. मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका, खळ्यावर मळणी चालू असताना लेन्स बदलू नका आणि पावसाळ्यात तो बॅगेत आठवडेच्या आठवडे पडू देऊ नका. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारणे कटाक्षाने टाळा. थुंकीचे बारीक थेंब पुसायला सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

या पायरीवरचा सापळा यंत्राच्या अहंकाराचा आहे. शेजारच्या पोराकडे महागडा कॅमेरा दिसला की आपले फोटो त्याच्याअभावी अडले आहेत असे वाटू लागते आणि माणूस हप्त्यांवर दुसरी लेन्स घेऊन बसतो. हातातल्या लेन्सने काय जमत नाही, हे वहीत नेमक्या शब्दांत लिहिता येत नाही तोवर नवे काही विकत घेऊ नका.

२. पहिला टप्पा: प्रकाश मोजायला शिका

या टप्प्याला घाई करू नका, कारण पुढचे सगळे याच्यावर उभे राहते. ॲपर्चरचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक आकड्याला, म्हणजे एका पायरीला (स्टॉप), आत येणारा प्रकाश निम्मा होतो. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेले तरी प्रकाश निम्माच होतो. उलट आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० चा २०० केला की चित्र तेवढेच उजळते. हे तिघे एकमेकांची भरपाई करतात, एवढे हाताला कळले की मॅन्युअल मोडची, म्हणजे हे आकडे स्वतः ठरवण्याची, भीती जाते.

उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही, त्याचा उपयोग करून घ्या. स्वच्छ, भर उन्हात एफ/१६ ठेवले तर शटर आयएसओच्या आकड्याएवढे ठेवायचे, म्हणजे आयएसओ १०० असताना १/१०० किंवा १/१२५ सेकंद, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या दुपारी अगदी बरोबर उतरतो. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी आपला अंदाज वहीत लिहा आणि मग मीटर (कॅमेऱ्यातला प्रकाशमापक) काय सांगतो ते पाहा. मोंढ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली, लिंबाच्या सावलीत, देवळाच्या सभामंडपात आणि दिवेलागणीच्या वेळी अंगणात असा अंदाज रोज बांधत राहा. काही महिन्यांनी तुमचा आकडा मीटरच्या एखाद-दुसऱ्या पायरीच्या आत येऊ लागेल.

मात्र मीटर नेहमी बरोबर असतो, असे समजू नका. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून हिशेब करतो. पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा अशी आपल्या गावातली नेहमीची व्यक्ती समोर उभी करा आणि हा हिशेब कसा चुकतो ते पाहा. चौकटीत धोतर जास्त आले तर मीटर फोटो काळवंडवतो, धोतर मळकट दिसते आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काळोखात जातात. वेचणीला आलेल्या कापसाच्या शेतातही तेच होते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, +१ पायरीपर्यंत वाढवावे लागते. याच्या उलट, बेसॉल्टच्या काळ्या दगडातील लेण्यांत किंवा हेमाडपंती देवळात मीटर दगड उजळून करडा करतो आणि दगडाचे दगडपण नाहीसे होते. तिथे −२/३ किंवा −१ वर यावे लागते. पडद्यावरच्या चित्रावर न जाता हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-काळोख दाखवणारा आलेख) पाहा, कारण उन्हात पडदा अंधुक आणि रात्री फार उजळ दिसतो.

सावळा चेहरा हा या टप्प्याचा खरा अभ्यास आहे. मीटर फक्त चेहऱ्यावर धरला तर तो चेहऱ्याला त्याच्या रंगापेक्षा उजळ करतो, आणि पुढे संगणकावर गोरेपणाची पट्टी सरकवण्याची सवय आपल्या धंद्यात सर्रास आहे. ही सवय लावून घेऊ नका. माणसाचा रंग जसा आहे तसा, तेज राखून कागदावर उतरवणे कठीण आहे, आणि ते जमण्यासाठी उजेडाची दिशा समजून घ्यावी लागते. चेहरा धुवट करून टाकणे म्हणजे समोरच्या माणसाला त्याचा रंग चुकीचा आहे असे सांगणे होय.

फोटो हलण्याचे कारणही आताच समजून घ्या. हातात धरून काढताना शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटर आकड्यापेक्षा कमी ठेवू नये. सुरुवातीच्या श्रेणीतील बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्याने त्या आकड्याला दीडने गुणावे. म्हणजे ५५ मिलिमीटरला किमान १/८० ते १/१०० सेकंद. पोळ्याला बैल उधळत निघाले की मात्र १/५०० च्या वर जावेच लागते.

३. दुसरा टप्पा: एक लेन्स आणि एक जागा

तंत्र थोडे हाती आले की माणसाला भटकावेसे वाटते. तेव्हा उलट करा: घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथे जात राहा. गावाची वेस, पडकी गढी, आठवडी बाजाराचे मैदान, काहीही चालेल. माझी शिफारस बारवेची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची, आहे. परभणी जिल्ह्यात चारठाणा आणि वालूर इथल्या बारवा पाहण्यासारख्या आहेतच, पण मराठवाड्यात शोधली तर आपल्या तालुक्यातही एखादी सापडते. बारवेत वरच्या पायऱ्यांवर ऊन आणि तळाशी काळोख असतो, ऊन दिवसभर पायऱ्यांवरून सरकत राहते आणि दोन्ही एकाच फोटोत सांभाळायचे झाल्यास काय सोडायचे आणि काय राखायचे, हे ठरवावेच लागते. असा निर्णय घ्यायला कोणताही व्हिडिओ शिकवत नाही.

वेरूळ जवळ असेल, तर तिथला प्रकाश अभ्यासा. तिथल्या लेण्यांचा डोंगर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारनंतर त्यावर ऊन येते. १० क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात मार्च महिन्याच्या पूर्वार्धात मावळतीकडचे किरण थेट आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचतात. ज्याला हे माहीत आहे तो दुपारी कैलास लेण्यात आणि सकाळी गावातल्या कामात असतो. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे निघण्याआधी लक्षात ठेवा. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारण्यास मनाई आहे, कारण तीव्र प्रकाशाने रंगांना इजा पोहोचते. तिपाईसाठी (ट्रायपॉड) पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. आयएसओ वाढवा, कोपरे बरगड्यांना टेकवा, श्वास सोडून शटर दाबा आणि भिंतीला वा खांबाला पाठ टेकू नका.

या जागेचा इतिहास शिकणाऱ्याला धीर देणारा आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्यातील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि त्याने त्यात कित्येक वर्षे घातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्या नकलांपैकी बहुतेक जळाल्या. चित्रकार म्हणून हात बसलेल्या या माणसाने पन्नाशीच्या पुढे कॅमेरा शिकून घेतला, आणि अजिंठा-वेरूळची त्याने काढलेली छायाचित्रे आज अभ्यासाला उपयोगी पडतात. निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हेही आधी इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढत असत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि वेरूळची छायाचित्रे त्यांनीही घेतली. या लोकांकडे काचेच्या जड पट्ट्या होत्या आणि एका पट्टीवर एकच फोटो निघे.

त्यांच्यासारखी सवय लावायची असेल, तर दिवसाला ३६ फोटोंची मर्यादा घाला, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका रोलाएवढी. काढलेले फोटो घरी येईपर्यंत पाहू नका आणि एकही पुसू नका. तंत्राचा अहंकार याच टप्प्यावर येतो: पार्श्वभूमी धूसर झाली म्हणजे फोटो चांगला, असे वाटू लागते. त्यावर उपाय म्हणून महिनाभर एफ/८ वर राहा. मागची भिंत, खुंटीवरची पिशवी, दारातले चपलांचे जोड असे सगळे स्पष्ट दिसू लागले की चौकट मांडायला आपोआप शिकाल.

४. तिसरा टप्पा: माणसांसमोर उभे राहणे

इथे कॅमेऱ्यापेक्षा वागणूक जास्त कामाला येते. लांबून झूम लावून फोटो घेण्याची सवय लावू नका. जवळ जा, नमस्कार करा, आपण कुठले आणि कोणाचे, हे सांगा, आणि मग विचारा. आपल्या भागात "बाबा, एक फोटू काढू का?" असे विचारल्यावर बहुतेक म्हातारी माणसे "काढ की लेका" म्हणतात आणि लगेच ताठ होऊन टोपी सरळ करतात. तो पहिला, ताठ बसलेला फोटो मनापासून काढा, कारण तो त्यांचा आहे. त्यांना स्वतःला तसेच दिसायचे असते. त्यानंतर कॅमेरा मांडीवर ठेवून पाऊस, सोयाबीनचा भाव, नातू कुठे शिकतो, असे बोलत बसा. भर दुपार असेल तर त्यांना उन्हात उभे न करता ओसरीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसायची विनंती करा. सारवलेल्या अंगणावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीतली सावली निघून जाते आणि कॅमेऱ्याला फ्लॅशची गरज उरत नाही.

स्त्रियांचे फोटो घेताना त्यांनाच विचारा. घरातल्या पुरुषाने हो म्हटले म्हणून बाईंनी हो म्हटले असे धरू नका. "मावशी, काढू का?" या प्रश्नावर कोणी पदर तोंडावर घेतला तर उत्तर मिळाले असे समजून कॅमेरा खाली करा. मुलांसाठी आईवडिलांची आणि शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. फोटो स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला पाठवायचा असेल, तर ती लेखी घ्या.

लातूर-धाराशिवकडे असाल, तर मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, हा या टप्प्यावरचा सर्वांत चांगला दिवस आहे. सगळी घरे शेतात असतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा मांडलेली असते, आणि कडब्याच्या फटींतून आत येणारे उन्हाचे पट्टे कोणत्याही स्टुडिओत मिळत नाहीत. पूजेच्या वेळी फ्लॅश वापरू नका, चपला बाहेर काढा आणि आधी पंगतीला बसा. भज्जी-आंबील घेतल्याशिवाय कॅमेरा काढणारा पाहुणा लोकांना परका वाटतो आणि फोटोंतही ते परकेपण उतरते.

दुष्काळाच्या फोटोंबद्दल मला तीव्रतेने सांगावेसे वाटते. भेगाळलेल्या जमिनीवर म्हाताऱ्या शेतकऱ्याला बसवून कपाळावर हात ठेवायला सांगणे, ही लबाडी आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा अशी चित्रे भरपूर निघाली. पण इथे राहणाऱ्याला ठाऊक असते की टंचाई टँकरच्या वेळापत्रकात, घागरींच्या क्रमांकात, बोअरच्या खोलीत आणि विकायला काढलेल्या जनावरांच्या दोरीत असते. तुम्ही इथले आहात, म्हणून तुमच्यावर ते नीट पाहण्याची जबाबदारी जास्त आहे. माणसाला जे करायला सांगावे लागते, त्याचा फोटो बातमी म्हणून देऊ नका.

ज्याचा फोटो काढला त्याला छापील प्रत नेऊन द्या. तालुक्याच्या लॅबमध्ये ती थोड्या पैशांत निघते. नाव, गाव आणि तारीख वहीत लिहिलेली असेल तरच ते शक्य होते, म्हणून ही नोंद जागेवरच करा.

५. चौथा टप्पा: निवड आणि परीक्षण

काढलेल्या फोटोंचे काय करायचे, इथे बहुतेक जण अडतात. त्याच दिवशी सर्व फोटो संगणकावर उतरवा, दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत ठेवा आणि तिसरी प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन ठेवा. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. शक्य तिथे रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, कारण आधी सांगितलेली धोतर आणि चेहऱ्याची अडचण तिच्यात बरीच सावरता येते.

निवड आठवडाभराने करा. काढताना झालेली दगदग आणि आनंद ओसरला की फोटो जसा आहे तसा दिसतो. महिन्याला फक्त दहा फोटो राखा, ते छापून घ्या आणि जाणत्या माणसाला दाखवा.

लोकांच्या वाहवाचा सापळा याच पायरीवर असतो. मोबाइलवर नातेवाईक आणि मित्र "एक नंबर" म्हणतात ते प्रेमापोटी. त्यातून शिकण्यासारखे काही मिळत नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी फिल्मच्या काळापासून स्टुडिओ चालवणारे काका असतील तर त्यांच्याकडे जा. असे काका फोटो हातात घेतात, तो थोडा लांब धरतात, आणि नवरीच्या चेहऱ्याबद्दल काहीच न बोलता कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या हाताच्या पंजावर बोट ठेवतात. त्यांनी बोट ठेवले की आपली बाजू सांगू नका. गर्दी होती, उजेड नव्हता, वेळ मिळाला नाही, ही कारणे कागदावर दिसत नसतात. ते म्हणतील ते लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक सुधारलेला फोटो घेऊन परत जा.

६. पाचवा टप्पा: मोबदला घेऊन काम

लग्नाच्या हंगामाशिवाय आपल्याकडे या कामाचे अर्थकारण बसत नाही, त्यामुळे लग्नाच्या कामाला कमी लेखू नका. पहिला हंगाम एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली, लाईट धरण्यापासून करा. अक्षता पडण्याचा क्षण दुसऱ्यांदा येत नाही आणि अंतरपाट दूर होताना कुठे उभे राहायचे, हे पाहूनच कळते.

स्वतंत्र काम घेताना एका कागदावर तारीख, कार्यक्रम, अल्बमची पाने, आगाऊ रक्कम, फोटो देण्याची मुदत आणि कॅमेरा बिघडल्यास काय करायचे, एवढे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सोयऱ्याधायऱ्यांचे काम असले तरी हा कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून नवरीचा फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरायचा असेल, तर ती परवानगी त्याच कागदात घ्या.

७. सहावा टप्पा: लोक तुम्हाला विचारू लागतात तेव्हा

काही वर्षांनी नवी मुले तुमच्याकडे येतील, आणि जाणतेपणाचा अहंकार इथेच येतो. त्यांना सेटिंग मोकळेपणाने सांगा, आणि विचारलेले ठाऊक नसेल तर तसे सांगून दोघे मिळून करून पाहा. या वयात एखादी नवी गोष्ट शिकायला घ्या: जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणारे पक्षी, रात्रीचे आकाश, किंवा फिल्मचा जुना कॅमेरा. पुन्हा नवशिके झाल्याखेरीज नवशिक्याची अडचण आठवत नाही.

आणि एक काम मी प्रत्येक जाणत्या छायाचित्रकाराने करावे असे आग्रहाने सांगेन. आपल्या तालुक्यांतले जुने स्टुडिओ बंद होत आहेत आणि त्यांच्या निगेटिव्ह रद्दीत जात आहेत. त्या मालकांना भेटा, परवानगी घ्या आणि मिळतील तेवढ्या निगेटिव्ह व छापील फोटो स्कॅन करून ठेवा. हाताळताना सुती हातमोजे घाला, निगेटिव्ह फक्त कडांना धरा, पट्ट्या कापू नका आणि चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. छापील फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि पेन्सिलने लिहिलेली नावे तिथेच असतात. मालक समोर असतील तर प्रत्येक फोटोविषयी कोण, कुठे, कोणत्या प्रसंगी, हे विचारून फाइलच्या नावासोबत लिहून घ्या. आणि तो उजेड त्यांनी कसा साधला होता, तेही विचारा.